आकडे वाचणारा माणूस
(वजनाचं व्यवस्थापन : लेखांक ५)

खाण्यापिण्याची नोंदवही रोज का लिहावी, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. लिहायचा कंटाळा येतो म्हणून अनेक जण मनगटावर फिटनेस बँड बांधतात. नोंदी मग आपोआप होतात, पण तेवढ्याने वजन उतरतं का?

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने हेच तपासलं. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेले १८ ते ३५ वयाचे ४७१ जण त्यात होते. पहिले सहा महिने सगळ्यांना सारखंच मिळालं : कमी उष्मांकांचा आहार, व्यायाम आणि गटात समुपदेशन. पुढे फोनवरचं समुपदेशन आणि मोबाइलवरचे संदेश सगळ्यांना चालू राहिले. फरक एवढाच, की एका गटाने आपल्या नोंदी स्वतः संकेतस्थळावर भरायच्या आणि दुसऱ्याने दंडावर यंत्र बांधायचं. दोन वर्षांनी स्वतः नोंदी भरणाऱ्यांचं वजन सरासरी ५.९ किलोंनी कमी झालेलं होतं, यंत्रवाल्यांचं ३.५ किलोंनी.

बँड निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी जाणकार माणसाच्या सल्ल्यावर खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँडवरच्या सगळ्याच आकड्यांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही, हेही कारण आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके त्यातल्या सहांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले. जळालेल्या उष्मांकांत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा ‘चारशे कॅलरी जाळल्या, आता एक वडापाव चालेल’ हा हिशेब कृपा करून करू नका.

मग असा जाणकार माणूस, म्हणजे कोच, काय करतो? समजा, बँकेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या एका बाईंचा आठवड्याचा आलेख समोर आहे. सोमवार ते शुक्रवार जेमतेम चार हजार पावलं, रविवारी नऊ हजार. बँड रोज रात्री दहा हजारांचं लक्ष्य हुकल्याचं दाखवतो. (हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, तो वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही.) कोच विचारतो, “ताई, रविवारी कुठे जाता?” “भाजी आणायला मंडईत. एरवी ऑफिसातून आल्यावर गुडघा ठणकतो हो, बाहेर पडावंसंच वाटत नाही.” गुडघ्याची ही गोष्ट बँडला कधीच कळली नसती. मग आधी गुडघा डॉक्टरांना दाखवायचा आणि त्यांनी हो म्हटलं, की पुढच्या आठवड्यापुरतं पाच हजारांचं लक्ष्य ठेवायचं. ती वाढीव पावलं संध्याकाळी नव्हे, तर डबा खाल्ल्यावर चालायची. आठवड्याने कोचचा फोन येणार, हे त्यांना ठाऊक असतं. लक्ष्य हुकलंच, तर का हुकलं ते तेव्हा बोलता येतं.

कोच निवडताना त्याचं आहारशास्त्राचं किंवा फिजिओथेरपीचं शिक्षण विचारा. पहिल्याच भेटीत त्याने तुमची औषधं विचारली नाहीत, तर दुसरा शोधा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं घटवून चालणं वाढवलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी डोस डॉक्टरांनीच ठरवायला हवा.

पुढच्या लेखात : अपुरी झोप आणि भूक.