चेन्नईचे वृक्ष आणि त्यांचे ऋतु

श्रावणाच्या सरी अंगावर घेत पुण्यामुंबईचा मनुष्य आगगाडींत बसतो आणि दुसरे दिवशीं चेन्नईच्या स्थानकावर उतरतो, तेव्हां त्याची पहिली फजिती छत्रीमुळें होते. छत्री उघडावी लागते खरी, परंतु ती उन्हासाठीं. घरून निघतांना डोंगर हिरवेगार दिसत होते, ओढे वाहत होते. येथें मोकळ्या जागेंतील गवत वाळलेलें आणि घामानें जीव हैराण. अशा वेळीं फुलापानांची हौस धरून आलेला प्रवासी 'या शहरांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं' असा निकाल देऊन मोकळा होतो. या निकालांत दोष शहराचा नाहीं. प्रवाशानें बरोबर आणलेल्या पंचांगाचा आहे.

याचें कारण सोपें आहे. जून महिन्यांत नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे आपलें बहुतेक पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर रितें करतात. घाट ओलांडून पूर्व किनाऱ्यास पोंचेपर्यंत त्यांच्यांत फारसा दम राहत नाहीं. जुलै-ऑगस्टांत सायंकाळीं मधून मधून विजांच्या गडगडाटासह एखादी सर येते, इतकेंच. पुढें ऑक्टोबरांत वारे उलटतात. ते ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येऊं लागतात आणि वाटेंत घेतलेलें बाष्प तामिळ किनाऱ्यावर ओततात. चेन्नईस वर्षाकांठीं सुमारें १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यापैकीं निम्म्याहून अधिक ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. आपल्याकडे दिवाळीस पाऊस निरोप घेऊन गेलेला असतो. तेथें त्याच सुमारास तो ऐन भरांत असतो.

या फरकाचा अर्थ वनस्पतींच्या जीवनांत कसा उमटतो, हें पाहावयाचें असल्यास कळलावीचें उदाहरण घ्यावें. हिलाच अग्निशिखा म्हणतात. पानाच्या टोंकाशीं असलेल्या बारीक तणाव्यानें ती कुंपण धरून वर चढते. तिच्या पाकळ्या प्रथम हिरवट-पिवळ्या असतात आणि मग ज्वाळेसारख्या लाल होत जातात. वेल दिसावयास सुंदर, परंतु सर्वांगीं विषारी. तिचा कंद तर फारच. कोंकणांत ही वेल श्रावण-भाद्रपदांत फुलते. तामिळ प्रदेशांत मात्र तीच वेल ईशान्येचा पाऊस सुरू झाल्यावर फुलावयास लागते, आणि तेथील कार्तिक महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरांत, ती इतकी दिसते कीं तिला कार्तिकाचें फूल असेंच नांव पडलें आहे. हेंच तामिळनाडूचें राज्यपुष्प होय. वेल एक, कंद एक. पण जमिनीखालीं निजलेल्या त्या कंदास जाग येते ती पावसाच्या ओलीनें. महिन्याचें नांव त्यास ठाऊक नसतें.

मोठ्या वृक्षांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचीं मुळें खोल गेलेलीं असतात. मागील पावसाचें जमिनींत मुरलेलें पाणी त्यांस उन्हाळ्यांतहि पुरतें. म्हणून त्यांचा बहर बहुधा उन्हाशीं बांधलेला असतो आणि येथें चेन्नईचें व महाराष्ट्राचें पंचांग पुष्कळ अंशीं जुळतें. मार्चपासून कडुलिंब फुलूं लागतो. १४ एप्रिलच्या सुमारास तामिळ वर्षारंभ येतो. त्या दिवशीं कैरी, गूळ आणि कडुलिंबाचीं फुलें घालून पचडी करतात. पाडव्यास आपण कडुलिंबाचीं पानें खातों, तेथें फुलें खातात. वर्षाच्या आरंभीं कडू-गोड एकत्र चाखण्याची रीत दोन्हीकडे एकच. एप्रिल-मे महिन्यांत बहावा आपलीं पानें टाकून सोनेरी घोसांनीं लवतो, पीतमोहर रस्त्यावर पिवळा सडा घालतो आणि गुलमोहर लाल होतो. मोगऱ्याचा हंगामहि हाच. बाजारांत त्याच्या माळा हातांनीं मोजून विकतात. थंडीच्या दिवसांत हीं फुलें कमी येतात आणि भाव चढतो. याच कडक उन्हांत हातगाड्यांवर ताडगोळ्यांचे ढीग लागतात. ताड हा तामिळनाडूचा राज्यवृक्ष आहे.

समुद्राजवळच्या भागांत कोंकणी मनुष्यास दोन ओळखीचे सोबती भेटतात. एक उंडी. हिचीं पानें जाड व चकचकीत, फुलें पांढरीं व सुगंधी, मध्यें पिवळ्या केसरांचा झुबका. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा स्थलवृक्ष उंडीच आहे. दुसरा पारोसा पिंपळ. याचें फूल सकाळीं पिवळें असतें आणि मावळतांना तांबूस होतें. पानाची गुंडाळी करून तामिळ मुलें पिपाणी वाजवितात. खारा वारा सोसून हिरवें राहण्याचा गुण दोघांतहि आहे.

हा गुण किती मोलाचा आहे, तें पावसाळ्यांत कळतें. ईशान्येच्या पावसाबरोबर उपसागरांतील चक्रीवादळेंहि येतात. १२ डिसेंबर २०१६ रोजीं 'वर्धा' नांवाचें वादळ थेट चेन्नईवर आलें आणि एका दिवसांत शहरांतील हजारों झाडें उन्मळून पडलीं. त्यांत गुलमोहर, पीतमोहर आणि वर्षावृक्ष यांचा भरणा मोठा होता. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वर्षावृक्ष अमेरिकेंतील उष्ण प्रदेशाचा. छाया आणि शोभा यांसाठीं हीं झाडें रस्तोरस्तीं लावलीं गेलीं. गुलमोहराचीं मुळें उथळ पसरतात व लांकूड ठिसूळ असतें. भर पावसानें माती मऊ झालेली, पदपथासाठीं मुळें तोडलेलीं, आणि माथ्यावर पानांचा मोठा पसारा. अशा स्थितींत वाऱ्यास फार जोर करावा लागत नाहीं. उन्हाळ्यांत ज्याच्या शोभेस तोड नाहीं, तोच वृक्ष मार्गशीर्षांत वाटसरूच्या डोक्यावर कोसळूं शकतो. यास्तव नवें झाड लावतांना त्याच्या फुलांबरोबर त्याचीं मुळेंहि विचारांत घेणें अवश्य आहे.

मुळांचें महत्त्व अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेंतील वड उत्तम रीतीनें शिकवितो. १९८९ सालच्या वादळांत त्याचा मूळ बुंधा पडला. परंतु त्यापूर्वींच त्याच्या पारंब्यांनीं ठिकठिकाणीं जमीन धरलेली होती. त्यांचेच खांब झाले होते. बुंधा गेला, वड राहिला. तो आजहि विस्तार धरून उभा आहे.

शहराची मूळ वनश्री पाहावयाची असेल तर गिंडी येथील राष्ट्रीय उद्यानांत जावें. सुमारें २.७ चौरस किलोमीटरांचें हें रान शहराच्या वस्तींतच आहे. कमी उंचीचें, दाट आणि उन्हाळ्यांतहि हिरवें असें कोरोमंडल किनाऱ्याचें कोरडें सदाहरित वन तेथें शिल्लक आहे. झाडांखालीं चितळ आणि काळवीट चरतांना दिसतात.

तात्पर्य, चेन्नईस जाणाऱ्यानें आधीं आपणास काय पाहावयाचें आहे तें ठरवावें. बहावा व गुलमोहर पाहावयाचे तर एप्रिल-मे; मात्र उकाडा सोसण्याची तयारी हवी. वेली, तळीं आणि ओली हिरवळ पाहावयाची तर वादळाची वार्ता नाहीं असें पाहून नोव्हेंबराच्या अखेरीपासून जावें. ज्यास थंड सकाळीं हिंडावयाचें आहे त्यानें डिसेंबरच्या मध्यापासून पुढचा महिना निवडावा. तो तेथील मार्गळी महिना. त्या दिवसांत दारापुढील रांगोळीच्या मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोंपळ्याचें पिवळें फूल खोंचलेलें दिसतें. पाऊस नुकताच संपलेला असतो, आणि परसांतल्या वेलीनें दिलेलें तें फूल त्या पावसाचीच शेवटची पावती असतें. श्रावणांत कोरडें म्हणून नापास केलेलें शहर हेंच का, असें त्या वेळीं प्रवाशास खचित वाटेल.