फरहादियाचे दगड

मुलांनो, वर्गातला युरोपचा नकाशा काढा. इटलीच्या उजव्या हाताचा समुद्र ओलांडला की बोस्निया-हर्झेगोव्हिना हा देश लागतो. त्यात व्रबास नदीच्या काठी बान्या लुका नावाचं शहर आहे. तिथल्या फरहादिया मशिदीची ही माहिती.

इ. स. १४६३ मध्ये तुर्कांच्या उस्मानी राज्याने बोस्निया जिंकला. राजधानी दूर इस्तंबूलला, म्हणून प्रांताचा कारभार सुभेदार बघत. त्यांपैकी फरहाद पाशा सोकोलोविच याने १५७९ साली ही मशीद बांधली. लढाईत धरलेल्या एका सरदारपुत्राच्या खंडणीतून हा खर्च झाला, असे म्हणतात.

मशीद काही फार मोठी नव्हती. रुंदी सुमारे १८ मीटर, लांबी १४, घुमटाच्या टोकापर्यंत उंची १८. मिनार मात्र ४३ मीटर! पुढच्या ओसरीवर तीन लहान घुमट, अंगणात हातपाय धुण्यासाठी कारंजे.

आता खरी गंमत ऐका. खोली चौकोनी आणि घुमट गोल. मग गोल टोपलं चौकोनी डब्यावर बसवायचं कसं? कोपरे उघडेच राहणार! गवंड्यांनी कोपऱ्यांत बाक देऊन चिरे एकेक थर पुढे आणले, वर गोल कडे तयार केले आणि त्यावर घुमट बसवला. घुमट नुसता खाली दाबत नाही, भिंतींना बाहेरही रेटतो. म्हणून भिंती जाड. उस्मानी कारागीर महत्त्वाच्या ठिकाणी दोन चिरे लोखंडी आकड्याने जोडत आणि खाचेत वितळलेले शिसे ओतत. शिसे थोडे दबते, त्यामुळे दगड तडकत नाही.

तिथली एक दंतकथा आहे. असे सुंदर काम दुसरीकडे होऊ नये म्हणून पाशाने कारागिरांना मिनारात कोंडले. ते कसले बसतात! त्यांनी पंख तयार केले आणि उडून गेले.

१९६९ च्या भूकंपात शहराचे फार नुकसान झाले. मशिदीलाही धक्का बसला, पण ती उभी राहिली. भूकंपाने जे झाले नाही ते माणसांनी केले. १९९२ ते ९५ या काळात बोस्नियात धर्म आणि जात बघून शेजारी शेजाऱ्यावर उठले. बान्या लुकात लढाईसुद्धा चालू नव्हती, तरी ७ मे १९९३ च्या पहाटे सुरुंग लावून मशीद उडवली. दगड गाडीत भरून कचऱ्याच्या जागी नेऊन टाकले. जागा साफ सपाट!

२००१ साली नव्या पायाचा दगड बसवताना जमावाने हल्ला केला. त्यात जखमी झालेला एक माणूस पुढे दगावला. तरी काम सोडले नाही. सापडले तेवढे तुकडे कचऱ्यातून उकरून आणले, धुतले, मोजले. जुने फोटो व नकाशे समोर ठेवून कुठला तुकडा कुठल्या थरातला ते ओळखले. फुटलेले जाळीचे खेळणे जुळवतो ना, तसेच. फक्त एकेक तुकडा मणामणाचा. जे सापडले नाही तेवढ्यापुरते नवे चिरे पाथरवटांनी हाताने घडवले.

अशी मशीद पुन्हा उभी राहिली आणि २०१६ साली उघडली. त्यासाठी दिवस निवडला तोही ७ मे.