बटणं शाबूत, सेटिंग चुकलेलं

लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडल्याची तक्रार मराठीत टाइप करणारे वर्षानुवर्षं करत आले. त्यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ बटणांत नव्हतंच, ते विंडोजच्या सेटिंगमध्ये होतं.

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत मराठी होती, पण झाकून ठेवलेली. कंट्रोल पॅनलमधल्या 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये शिरून एका चौकटीत टिक करावी लागे. ती चौकट क्लिष्ट लिप्या आणि उजवीकडून लिहायच्या भाषांसाठी होती. तिच्यावर थाईचं नाव होतं, मराठीचं नव्हतं. साध्या माणसाला ती सापडावी कशी? सापडली तरी संगणक एक्सपीची सीडी मागायचा, आणि सीडी हाताशी नसली की काम तिथंच अडायचं. टिक न करता टाइप केलं, तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला पडे आणि जोडाक्षरं फुटत. व्हिस्टापासून ही कटकट संपली.

दुसरा घोळ नम लॉकचा. लहान लॅपटॉपवर अंकांची वेगळी बटणं नसत. नम लॉक चालू झालं की यू, आय, ओ, जे, के, एल यांतून अंक निघत. 1986 मध्ये प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत याच बटणांवर ह, ग, द, र, क, त आहेत. 'कागद' लिहायला जावं, तर पडद्यावर 2, सुटा काना, 5 आणि 6 उमटत. बहुतेक लॅपटॉपवर एफएन आणि नम लॉक एकत्र दाबलं की अक्षरं परत येत. ही युक्ती लॅपटॉपसोबत छापील द्यायला हवी होती.

रुपयाचं चिन्ह सरकारने 15 जुलै 2010 रोजी स्वीकारलं, पुढे ते 4 च्या बटणावर छापूनही आलं. पण विंडोजमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' ऐवजी अमेरिकी कीबोर्ड निवडलेला असला, तर उजवं ऑल्ट आणि 4 दाबून काहीच उमटत नाही.

विंडोज 10 च्या मे 2019 मधल्या अपडेटसोबत मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आला. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, शब्द देवनागरीत येतो. इन्स्क्रिप्ट न शिकलेल्यांची मोठीच सोय झाली.

'ॲ'चं दुखणं मात्र उरलंच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे 2008 साली आलं. त्याआधी ते 'अ'वर चंद्र जोडून लिहीत, काही मांडण्या अजूनही तसंच लिहितात. दोन्ही दिसतात सारखीच, पण संगणकाच्या लेखी त्यांचे संकेत वेगळे. म्हणून जुन्या फाइलमधलं 'अॅड.' नव्या 'ॲड.'ने शोधलं, तर अनेकदा सापडत नाही. दोन्ही रूपांनी शोधून पाहावं लागतं.