वॉलेस संग्रह
वॉलेस संग्रह : लंडन येथील यूरोपीय चित्रे, शस्त्रास्त्रे व शोभावस्तू यांचे विख्यात संग्रहालय. मँचेस्टर चौकातील हर्टफर्ड हाउस या वास्तूत सु. ५,५०० वस्तू आहेत. हर्टफर्डचे पहिले चार मार्क्विस व सर रिचर्ड वॉलेस (१८१८–९०) यांनी हा संग्रह उभारला.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तेथील सरदार-घराण्यांच्या कलावस्तू विक्रीस आल्या. पॅरिसनिवासी चौथे मार्क्विस (१८००–७०) यांनी अठराव्या शतकातील फ्रेंच कलेची विपुल खरेदी केली. वॉलेस हे बहुधा त्यांचे अनौरस पुत्र. वारशाने संग्रह मिळाल्यावर, पॅरिसमधील युद्ध व कम्यूनच्या उठावानंतर, त्यांनी त्याचा मोठा भाग १८७२ मध्ये लंडनला आणला.

चित्रांत फ्रान्स हाल्सचे ‘लाफिंग कॅव्हलिअर’ (१६२४), फ्रागॉनारचे ‘द स्विंग’ (१७६७) तसेच तिशन, रेम्ब्रँट, व्हेलास्केथ व बूशे यांच्या कृती प्रसिद्ध आहेत. हाल्सच्या चित्राचे नाव मागाहून रूढ झाले. त्यातील तरुण वस्तुतः हसत नसून त्याच्या वर वळलेल्या मिशांमुळे तसा भास होतो. कासवाचे कवच व पितळ यांच्या जडावकामाचे बूलचे फर्निचर, रीझनरने मारी आंत्वानेतसाठी घडविलेल्या वस्तू आणि सेव्र येथील पोर्सलीन यांतून फ्रेंच राजदरबाराची अभिरुची दिसते.

यूरोपीय शस्त्रसंग्रह मुख्यत्वे वॉलेस यांचा. १८७१ मध्ये त्यांनी न्यूव्हेरकेर्क यांचा संग्रह व मेरिक संग्रहातील निवडक वस्तू घेतल्या. स्वार व घोडा या दोहोंचे दक्षिण जर्मन गॉथिक चिलखत (सु. १४८०) विशेष उल्लेखनीय आहे. भारतीय, इराणी व तुर्की शस्त्रे प्रामुख्याने चौथ्या मार्क्विसांनी जमविली.

लेडी वॉलेस यांनी १८९७ मध्ये मृत्युपत्राद्वारे हा संग्रह ब्रिटिश राष्ट्राला दिला. तो एकत्र ठेवावा व त्यात इतर कलावस्तू मिसळू नयेत, अशी अट होती. १९०० मध्ये संग्रहालय खुले झाले. या अटीमुळे एका घराण्याची अभिरुची अखंड टिकली. परंतु वस्तू बाहेर पाठविता येत नसल्याने अन्यत्र असलेल्या जोडकृतींशी त्यांची तुलना दुष्कर झाली. रूबेन्सचे ‘रेनबो लँडस्केप’ येथे, तर त्याचे जोडचित्र लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहे. २०१९ मध्ये तात्पुरत्या उसनवारीस अनुमती मिळाली. तत्पूर्वी आणि नंतरही बाहेरच्या कृती येथे प्रदर्शनार्थ आणता येत. त्याप्रमाणे २०२१ मध्ये ही दोन्ही चित्रे दोनशेहून अधिक वर्षांनी येथेच शेजारी मांडली गेली.