जुन्या गाडीची डागडुजी

म्हसवड व खरसुंडी येथे सिद्धनाथाच्या मोठ्या यात्रा भरतात. पूर्वी सातारा-सांगलीकडील शेतकरी तेथे बैलगाडीने जात. चार दिवसांचे बिऱ्हाड गाडीतच असावयाचे! म्हणून जुनी गाडी विकत घेतली, की निघण्यापूर्वी तिची चाके तपासून घेत. माणदेशाच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसते. त्यामुळे आरे खिळखिळे होत व लोखंडी धाव सैल पडे. अशी धाव उतारावर निखळली, तर माणसांच्या व बैलांच्या जिवावर बेते. यासाठी लोहार धाव कापून किंचित लहान करी व पुन्हा जोडी. मग गोवऱ्यांच्या विस्तवात ती लाल तापवून चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. तापल्याने लोखंड प्रसरण पावते, निवताच आकुंचन पावते. त्यामुळे सारे चाक घट्ट आवळले जाई. शेवटी कण्याला वंगण घालून गाडी निर्धास्तपणे वाटेला लागे.