लहरी कुणाच्या मालकीच्या?

आपण क्रिकेटपासून सुरुवात करू. १९९३ साली हिरो कप झाला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि सरकारशी वाद पेटला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ च्या त्या निकालपत्रात आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सांगितलं की, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यांवर मक्तेदारी सरकारची नको, तशी खासगी भांडवलाचीही नको. त्यासाठी स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण नेमा.

हे दुसरं वाक्य आपण सोयीस्करपणे विसरलो, असं आम्हाला वाटतं. पुढे वृत्तवाहिन्या भरपूर आल्या. पण वृत्तपत्र आणि वृत्तवाहिनी एकाच मालकाच्या हाती असू नये, असा कायदा काही आला नाही. म्हणजे रिमोटवरचे आकडे वाढले, मालक त्या प्रमाणात वाढले का, हे आपणच तपासायचं.

आणि रेडिओ? तिथे तर गंमतच आहे. खासगी एफएमला स्वतःची बातमी देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं, बस. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. नळाला पाणी किती वाजता येणार हे निवेदिका सांगू शकते. चार दिवस ते का आलं नाही, याची बातमी मात्र तिला करता येत नाही. छापील साप्ताहिक काढलं तर त्याच गावात, तीच बाई, हीच बातमी बिनदिक्कत छापू शकते!