दातावरची टोपी का निघते?

दाढेच्या मुळाची चिकित्सा झाली, वर पांढरी टोपी बसली, आणि वर्षा-दीड वर्षात ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर ती हातात आली, की आपण सिमेंटला बोल लावतो. पुष्कळदा तो दोष सिमेंटचा नसतो.

श्रोतेहो, औंढ्याचे नागनाथाचे देऊळ आपण पाहिलेच आहे. हेमाडपंती बांधणीत दगड चुन्यावाचून उभे राहतात ते घडाईच्या बळावर. टोपीचेही असेच. खालचा दात घासून त्याचा खुंट करतात. त्याच्या बाजू जितक्या समांतर आणि उंची जितकी अधिक, तितकी पकड घट्ट. अगदी समांतर केल्यास टोपी खाली उतरणारच नाही, म्हणून थोडा उतार ठेवावाच लागतो. योर्गेनसन या संशोधकाने १९५५ साली दाखविले की, समोरासमोरच्या बाजूंमधील कोन ५ अंशांवरून १० अंशांवर गेला की पकड जवळजवळ निम्मी होते! दाढेचा खुंट ४ मिलिमीटरपेक्षा बुटका राहणार असेल तर रोग्याला ते आधीच सांगावयास हवे, असे माझे मत आहे.

जुने झिंक फॉस्फेट सिमेंट केवळ फट भरून टोपी अडकवून ठेवी. आजचे रेझिन सिमेंट खरोखर चिकटते, परंतु त्याचे सोवळे कडक! काचयुक्त सिरॅमिकची टोपी आतून हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरबरीत करतात, मग तिला सिलेनचा हात देतात. झिरकोनियात काच नसल्याने तेथे या आम्लाचा उपयोग नाही. ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून फॉस्फेटयुक्त रसायन लावावे लागते. टोपी तोंडात बसवून पाहिली की लाळेतील फॉस्फेट नेमके तिच्या आतल्या अंगाला जाऊन बसते आणि त्या रसायनाची जागा अडविते. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. टोपी पुन्हा नीट साफ करावी लागते. म्हणून डॉक्टर गालात कापूस कोंबून बोलू देत नाहीत, तेव्हा रागावू नये.

निघालेली टोपी डबीत घालून लवकर दवाखान्यात न्यावी. घरच्या गोंदाने चिकटवू नये. त्याहून घातक ती हलती, पण न निघालेली टोपी. तिच्याखाली लाळ झिरपते, दात किडत जातो, आणि मुळातील नस आधीच काढलेली असल्याने दुखत मात्र काहीच नाही.